भीती नेमकी कोणत्या सुईची आहे?

लालबागच्या एका आईने विचारलं आहे. मुलगा दहा महिन्यांचा, नवव्या महिन्याची गोवर-रुबेलाची लस राहिली आहे. साडेतीन महिन्यांच्या डोसनंतर तो संध्याकाळपासून मध्यरात्रीपर्यंत रडत होता, ताप १०२ च्या पुढे गेला होता, आणि ती रात्र आईच्या डोक्यातून जात नाही. सासूबाई म्हणतात, गोवर कोणाला येत नाही? आम्ही कडुलिंबाचा पाला ठेवून घरच्या घरी बरी केली पोरं. मिस्टरांनी इमारतीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवरचा व्हिडिओ दाखवला आहे, लशीमुळे मुलं बोलायची थांबतात म्हणून. आणि त्यांच्या आत्येभावाचा मुलगा अडीच वर्षांचा होऊनही बोलत नाही. तेव्हा "दीड वर्षाचा झाल्यावर सगळं एकदमच दिलं तर चालेल का?"

नाही चालणार. याच आठवड्यात जाऊन टोचून या. उशीर झाला म्हणून काही बिघडलेलं नाही, आधीचे डोस फुकट गेलेले नाहीत, पहिल्यापासून सुरुवातही करायची नाही. पण एवढं सांगून हा विषय संपणार नाही, हे मला ठाऊक आहे. तुमच्या घरात तीन माणसं तीन वेगवेगळ्या कारणांनी थांबलेली आहेत आणि एकाच्या शंकेचं उत्तर दुसऱ्याला देऊन उपयोग नसतो. आम्ही डॉक्टर नेमकं तेच करतो. आईला ताप आठवत असतो, आम्ही तिला ऑटिझमवर व्याख्यान देतो.

म्हणून आधी तुमच्याबद्दल. त्या रात्रीबद्दल.

साडेतीन महिन्यांना दिली जाते ती पेंटाव्हॅलंट. एका सुईत पाच रोगांवरचं संरक्षण: घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात, कावीळ बी आणि 'हिब' जिवाणूमुळे होणारा न्यूमोनिया-मेंदूज्वर. यातला डांग्या खोकल्याचा भाग मारलेल्या अख्ख्या जिवाणूंचा असतो. ताप येतो, मांडी सुजते, बाळ किरकिरतं ते मुख्यतः त्याच्यामुळे. शंभरात एखादं बाळ तीन तासांहून जास्त, काही केल्या न थांबणारं रडतं. ऐकायला भयंकर वाटतं, त्या घरात त्या रात्री असतंही. पण त्याने मेंदूला इजा होत नाही. तुम्हाला हे लस देण्याआधी कोणी सांगितलं होतं का? माझा अंदाज, नाही. "ताप आला तर औषध द्या" एवढंच सांगून पुढच्या बाळाला हाक मारली असेल.

आता महत्त्वाची गोष्ट. नवव्या महिन्याच्या भेटीत पेंटाव्हॅलंट नसतेच. पालिकेच्या केंद्रात गोवर-रुबेला असते, न्यूमोकॉकलचा बूस्टर असतो, पोलिओच्या इंजेक्शनचा तिसरा डोस असतो आणि तोंडाने जीवनसत्त्व 'अ'. म्हणजे तुमच्या मनात ज्या सुईची धास्ती बसली आहे ती या वेळी यादीत नाही. तिच्यातला तोच डांग्या खोकल्याचा भाग परत भेटेल सोळा ते चोवीस महिन्यांच्या डीपीटी, म्हणजे घटसर्प-डांग्या खोकला-धनुर्वाताच्या, बूस्टरला. तेव्हा डॉक्टरांना मागची हकीकत सांगा, कार्डावर लिहून घ्या. "दीड वर्षाचा झाल्यावर सगळं एकदम" हा बेत केलात तर गोवरची लस नेमकी त्या ताप आणणाऱ्या सुईसोबत जाईल. गंमत बघा, जिला टाळायचं तिच्याच दारात उभं राहायचं.

याच लशीचा दुसरा प्रकार खासगीत मिळतो, 'बिनतापाची', 'पेनलेस' लस. तिच्यात अख्खा जिवाणू नसतो, त्याचे निवडक तुकडे असतात. ताप कमी येतो हे खरं. महाग असते आणि डांग्या खोकल्यावरचं तिचं संरक्षण लवकर ओसरतं, हेही खरं. ज्यांना परवडते त्यांनी घेतली तर मी नाक मुरडत नाही. पण ती नाही म्हणून काहीच नाही, असं करणारे आईबाप मी पाहिले आहेत, त्यांच्याशी मात्र भांडते.

एक बाटली बघायला सांगते. घरात पॅरासिटामॉलची जी बाटली आहे ती हातात घ्या आणि लेबल वाचा. थेंबांच्या बाटलीत, ड्रॉप्समध्ये, बहुधा एका मिलिलिटरला १०० मिलिग्रॅम औषध असतं. सिरपमध्ये पाच मिलिलिटरला १२५ किंवा २५०. आठ किलोच्या बाळाला एका वेळी ८० ते १२० मिलिग्रॅम लागतं. म्हणजे ड्रॉप्स असतील तर साधारण एक मिलिलिटर, १२५ चं सिरप असेल तर चार-साडेचार. आता केंद्रात "एक एमएल द्या" सांगितलेलं असतं ड्रॉप्सच्या हिशेबाने, आणि घरी मोठ्या भावंडाचं सिरप फ्रिजच्या दारात असतं. १२५ च्या सिरपचा एक एमएल म्हणजे २५ मिलिग्रॅम, चार-पाच पट कमी. ताप कशाला उतरेल! रात्रभर कपाळावर पट्ट्या, आणि सकाळी निष्कर्ष असा की लशीचा ताप औषधालाही दाद देत नाही. माझ्या दवाखान्यात गेल्या काही वर्षांत मी 'लशीने फार त्रास झाला' म्हणणाऱ्या प्रत्येक आईला बाटलीचा फोटो पाठवायला सांगते. घोटाळा बऱ्याचदा तिथेच सापडतो. उलटी चूक याहून वाईट, पाच एमएल ड्रॉप्स पाजणं. तेव्हा वजन, बाटली आणि मात्रा डॉक्टरांकडून कार्डाच्या मागे लिहूनच घ्या.

आता सासूबाई. त्यांच्यावर चिडू नका. त्या खोटं बोलत नाहीत. त्यांच्या लहानपणी गोवर खरोखरच सगळ्यांना यायचा, दारात कडुलिंब लागायचा, घरात फोडणी बंद व्हायची, आणि मूल बरं झालं की माहीमच्या शितळादेवीला जाऊन ओटी भरली जायची. देवी, गोवर, कांजण्या ही सगळी त्यांच्या बोलण्यात एकाच घरची पाहुणी. त्यांना एकदा दंडावरची खूण दाखवायला सांगा. साठीच्या आसपासच्या असतील तर गोल, सुरकुतलेला चट्टा नक्की सापडेल. देवी टोचल्याची खूण ती. त्या टोचण्यामुळे १९७५ नंतर या देशात देवीचा रोगी उरला नाही, म्हणून तुमच्या मिस्टरांच्या दंडावर ती खूण नाही. आणि गोवरची लस सरकारी कार्यक्रमात १९८५ च्या सुमाराला आली, म्हणजे मिस्टरांना बहुतेक त्यांच्या आईनेच, या सासूबाईंनीच, रांगेत उभं राहून टोचून आणलं असणार. विचारून बघा. मी असं विचारलं की निम्म्या आज्या हसतात आणि म्हणतात, "हो गं, याला तर मी केईएमला नेला होता."

त्यांच्या "सगळी बरी झाली" मध्ये एक अडचण आहे, आणि ती सुनेने नव्हे, डॉक्टरनेच काढावी. जी बरी झाली तीच आज गोष्ट सांगायला आहेत. गोवर म्हणजे नुसतं अंगावरचं लाल पुरळ नाही. पुरळ जातं, मग मूल न्यूमोनियाने धापा टाकतं, जुलाबाने सुकतं, डोळ्यात फूल पडतं. शिवाय गोवरचा विषाणू शरीराची जुनी ओळखपाळख पुसून टाकतो. आधी झालेल्या आजारांविरुद्ध मुलाने जमवलेली प्रतिकारशक्ती बऱ्याच अंशी जाते, आणि पुढचे कित्येक महिने ते या ना त्या आजाराने दवाखान्यात असतं. पूर्वीच्या बायका म्हणायच्या, "गोवर गेल्यापासून पोर धरेना." त्यांचं निरीक्षण अचूक होतं. आणि क्वचित, गोवर येऊन सात-आठ वर्षं झाल्यावर, शाळेत जाणाऱ्या चांगल्या मुलाच्या हातून वस्तू पडायला लागतात, झटके यायला लागतात, अक्षर बिघडतं. त्या मेंदूच्या विकाराचं नाव एसएसपीई. त्याला बरं करणारं औषध नाही. निवासी डॉक्टर असताना मी असा एक मुलगा पाहिला होता, त्याची चित्रकलेची वही आईने पिशवीत ठेवली होती. जास्त सांगत नाही.

कडुलिंब ठेवा, माझी ना नाही. ओटीही भरा. गोवर झालेल्या मुलाचं खाणं-पिणं मात्र तोडू नका, तेवढं पथ्य चुकीचं आहे.

मिस्टरांचं प्रकरण वेगळं. व्हिडिओ हे वरचं कारण. खरं कारण आत्येभावाचा मुलगा आहे. घरातलं एक मूल बोलत नाही, का ते कोणी नीट सांगितलेलं नाही, आणि बापाला रात्री तोच विचार येतो. अशा माणसाला "अफवांवर विश्वास ठेवू नका" म्हणणं म्हणजे त्याच्या काळजीची टर उडवणं.

या अफवेला जन्मतारीख आहे. १९९८ साली लंडनमध्ये अँड्र्यू वेकफिल्ड नावाच्या डॉक्टरने 'लॅन्सेट' या नियतकालिकात अवघ्या बारा मुलांवरचा एक लेख छापला आणि एमएमआर (गोवर-गालगुंड-रुबेला) लशीचा संबंध ऑटिझमशी असावा असं सुचवलं. पुढे उघड झालं की लस कंपन्यांवर दावा लावणाऱ्या वकिलांकडून त्याने पैसे घेतले होते आणि मुलांच्या नोंदींत फेरफार होते. २०१० मध्ये लेख मागे घेतला गेला, त्याच वर्षी त्याचं नाव डॉक्टरांच्या यादीतून काढलं. त्यानंतर डेन्मार्कमध्ये ६,५७,४६१ मुलांच्या नोंदी तपासल्या गेल्या; लस घेतलेल्या मुलांत ऑटिझमचं प्रमाण न घेतलेल्या मुलांपेक्षा वाढलेलं नव्हतं. व्हिडिओत पाऱ्याचा उल्लेख असेल तर तोही बाद करा: गोवर-रुबेलाची लस जिवंत विषाणूंची असते, तिच्यात पाऱ्याचं ते संरक्षक घालताच येत नाही.

मग आईबापांना तसं का वाटतं? कारण ऑटिझमची लक्षणं डोळ्यांत भरतात ती साधारण एक ते दोन वर्षांच्या दरम्यान, जेव्हा शेजारचं मूल 'आई, दूध, भूभू' म्हणायला लागतं आणि आपलं नाही. आणि त्याच महिन्यांत लशींची भेट असते. आधी काय घडलं हे माणूस मागे वळून शोधतो, तेव्हा कार्डावर तारीख घातलेली एकच गोष्ट सापडते. मिस्टरांना माझ्याकडून एवढं सांगा: आत्येभावाच्या मुलाचे कान तपासायला हवेत आणि विकासाची तपासणी तज्ज्ञाकडून लगेच व्हायला हवी. परळच्या वाडिया रुग्णालयासारख्या मुलांच्या रुग्णालयात ती होते. "मुलगे उशिराच बोलतात" म्हणत थांबण्याइतकं त्या मुलाचं वय आता लहान नाही. लशीवर रोख धरून बसण्यात त्याचे महिने वाया जात आहेत, मला त्याचं जास्त वाईट वाटतं.

आता "थोडं थांबलो तर" याबद्दल. नऊ महिने हा आकडा कोणी हवेतून काढलेला नाही. जन्मताना आईकडून मिळालेली प्रतिद्रव्यं बाळाला काही महिने सांभाळतात, आणि ती असेपर्यंत लस नीट लागू पडत नाही. नवव्या महिन्याच्या सुमारास ती बरीच ओसरलेली असतात. तेव्हा दिलेल्या डोसने सुमारे ८५ टक्के मुलांना संरक्षण मिळतं, दोन डोस झाले की ते साधारण ९५ टक्क्यांच्या पुढे जातं. म्हणून दुसरा डोस सोळा ते चोवीस महिन्यांत. तुमचं बाळ आत्ता अशा जागी उभं आहे जिथे आईचं कवच उतरलंय आणि स्वतःचं चढलेलं नाही. गोवरचा रोगी खोलीतून निघून गेल्यावर दोन तासांपर्यंत विषाणू हवेत राहू शकतो, आणि अंगावर पुरळ येण्याच्या चार दिवस आधीपासून तो पसरत असतो, म्हणजे तेव्हा सगळे त्याला साधी सर्दी समजत असतात. लालबागच्या चाळीतला जिना, इमारतीची लिफ्ट, गणपतीतली गर्दी हे तुम्ही मला सांगायला नको.

२०२२ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये गोवंडी, कुर्ला भागात साथ उठली, तेव्हा कस्तुरबा रुग्णालयात गोवरसाठी वॉर्ड उघडावे लागले, मुलं दगावली, आणि नऊ महिने ते पाच वर्षांच्या मुलांना जादा डोस देण्याची मोहीम निघाली. तेव्हा "त्या वस्तीतले लोक लस घेत नाहीत" असं फार ऐकलं. मला ते पटत नाही. नाक्यावर रोजावर उभं राहणाऱ्या बापाचा एक दिवस बुडतो. आई गावी बाळंतपणाला गेलेली, कार्ड तिकडेच राहिलेलं. केंद्र सकाळी उघडतं तेव्हा ती धुणीभांड्याला. ताप आला तर दुसरा दिवसही बुडणार. याला नकार म्हणायचं का? उलट कांदिवली-ठाण्याच्या टॉवरमध्ये सगळं जवळ असून, फ्रीजभर अवोकॅडो असून "आम्ही नॅचरल इम्युनिटी बिल्ड करतोय" असं सांगणारी जोडपी मला भेटतात. तो नकार असतो. २०१८ च्या अखेरीस शाळाशाळांतून गोवर-रुबेलाची मोहीम झाली तेव्हाही संमतीपत्रांवर 'नाही' लिहिणारे सगळ्या धर्मांचे आणि सगळ्या बोर्डांचे होते.

लशीची ही धास्ती आपल्या मुंबईला नवीन नाही. वाल्डेमार हाफकिन या शास्त्रज्ञाने १८९७ च्या जानेवारीत प्लेगची लस इथेच, ग्रँट मेडिकल कॉलेजमध्ये, आधी स्वतःला टोचून घेतली. तरी लोक बिचकत होते, कारण प्लेगच्या नावाखाली घरात शिरणारी, बायामाणसांना तपासणारी, रोग्याला उचलून नेणारी पथकं त्यांनी पाहिली होती. १८९८ च्या मार्चमध्ये मदनपुऱ्यात त्यावरून दंगल झाली. सुईच्या भीतीत सुई धरणाऱ्याच्या वागण्याची भीती किती मिसळलेली असते, हे तेव्हापासून दिसतं आहे.

माझीही एक कबुली देते. बारा-तेरा वर्षांपूर्वी ओपीडीच्या गर्दीत एका आईला मी सगळ्यांसमोर बोलले होते, "दोन महिने उशीर? झोपला होतात का?" ती काही बोलली नाही. कार्ड घडी करून पदरात धरलं आणि गेली. आरोग्य सेविकेने नंतर सांगितलं की ती घरी येऊ देत नाही. वर्षभराने तेच मूल न्यूमोनियाने, गोवरचं पुरळ अंगावर असताना, दाखल झालं. वाचलं. पण त्या बाईने माझ्याकडे पाहिलं नाही, आणि मला तिची लस चुकण्याचं कारण शेवटपर्यंत कळलं नाही, कारण मी ते विचारलंच नव्हतं. तुम्हालाही केंद्रात कोणी टोमणा मारला तर ऐकून घ्या, आणि बाळाला टोचूनच बाहेर पडा.

जाण्याआधी दोन-तीन व्यवहाराच्या गोष्टी. सर्दी, थोडा खोकला, दात येणं, पातळ शी, चालू अँटिबायोटिक, बारीक अंग, यातल्या कशासाठीही थांबायचं नसतं. थांबायचं ते जोराचा ताप किंवा बाळ खरोखर आजारी असेल तर. आणि बाळाला रक्त चढवलेलं असेल, स्टिरॉइड मोठ्या मात्रेत चालू असतील, प्रतिकारशक्तीचा आजार असेल किंवा आधीच्या लशीने अंग सुजून श्वास कोंडला असेल तर आधी डॉक्टरांशी बोला. गोवरची लस पुडीच्या रूपात येते, पाणी मिसळल्यावर चार तासांत संपवावी लागते, म्हणून केंद्रात लसीकरणाच्या वारी आणि सकाळी जा. कुपीवर एक गोल असतो, त्यात चौकोन. चौकोन गोलापेक्षा फिकट असेल तर लस थंडाव्यात नीट राहिली आहे. दाखवा म्हणालात तर सिस्टर दाखवतात, त्यात अपमान वाटून घेत नाहीत. टोचल्यावर अर्धा तास तिथेच बसा. जोराची अॅलर्जी दहा लाखांत एखादी, पण आली तर बहुतेक त्याच वेळात येते आणि तिथे तिचं इंजेक्शन तयार असतं.

आणि मिस्टरांना हे आधीच सांगून ठेवा, नाहीतर व्हिडिओ खरा वाटायचा: गोवर-रुबेलाच्या लशीचा ताप त्याच रात्री येत नाही. आला तर पाचव्या ते बाराव्या दिवसांत येतो, एक-दोन दिवस राहतो, काहींना फिकट पुरळही उठतं. ताप येतो तो शंभरात पाच ते पंधरा बाळांना. सगळे विसरलेले असतात तेव्हा. बाळ निपचित पडलं, झटका आला, पीत नसेल किंवा ताप तीन दिवसांपुढे गेला तर दाखवा. नाहीतर वजनाप्रमाणे पॅरासिटामॉल आणि वरचेवर दूध. तेवढ्या आठवड्यात गावी जायचं रात्रीच्या गाडीचं तिकीट काढलं असेल तर पुढे ढकला. बाळाला धरायला सासूबाईंना न्या. मांडी हलू न देता धरणं मला आजवर आज्यांइतकं कोणाला जमलेलं दिसलेलं नाही.